चार लाख अडुसष्ट हजार आठशे तेहतीस

९ जानेवारी २०२५

डिंपलने ही डायरी आणून दिली. जावयांच्या दुकानात नव्या वर्षाला कंपनीवाले वाटतात, त्यातली एक. म्हणाली, "आई, बोलत नाहीस तं लिही तरी." मी विचारलं, काय लिहू. म्हणाली, "जे मनात येते ते."

मनात एकच गोष्ट येते आणि ती सहा अंकांची आहे.

४६८८३३.

लोखंडी कपाटाच्या बाजूला हा आकडा शिवणाच्या निळ्या खडूने लिहिलेला आहे. २६ नोव्हेंबरला, मंगळवारी दुपारी, मी शेजारच्या अनुसयाबाईंचं ब्लाऊज कापत होते. तेव्हा यांचा फोन आला. हे राईस मिलच्या धरमकाट्यावर होते. धानाचे ट्रक तोलायचे.

"कुंता, लिहून घे."

जवळ कागद नव्हता. खडू होता.

"चार लाख अडुसष्ट हजार आठशे तेहतीस."

"आवो, एवढा मोठा? कोणता ट्रक आला हा?"

"ट्रकाचा नाही. आजचा काट्यावरचा नाही, घरचा हाय. संध्याकाळी सांग."

मी बरं म्हटलं. कात्री हातात होती म्हणून आणखी काही बोलले नाही. संध्याकाळ व्हायच्या आधी हे काट्याच्या खोलीत खुर्चीवर बसल्या बसल्याच गेले. डॉक्टर म्हणाले हृदय.

आमच्या घरची ही जुनी सवय होती, आकडा फोडायची. ३५ म्हणजे पाच साते, तो फुटला. ३७ कोणाच्या पाढ्यात येत नाही, तो फुटत नाही. डिंपलच्या शाळेच्या पुस्तकात त्याला मूळ संख्या म्हणतात. आम्ही अखंड म्हणायचो. काट्यावर दिवसभर वजनं यायची, भरलेल्या गाडीचं, खाली गाडीचं. हे ती मनात फोडत बसायचे, नाहीतर झोप लागते म्हणायचे. एखादा चांगला आकडा मिळाला की मला फोन. संध्याकाळी हातपाय धुताना मी उत्तर सांगायची. चुकलं तर चहा उशिरा मिळायचा, म्हणून ते बरोबरच म्हणायचे.

वजनाचा आकडा ट्रक आणतो. हा आकडा यांनी स्वतः बनवला, घरचा म्हणाले. बनवला म्हणजे कशाला तरी कशाने गुणलं असेल. ते दोन सापडले तर त्या दुपारी त्यांना मला काय सांगायचं होतं ते कळेल. अखंड निघाला तर तोंडाला आले ते सहा अंक बोलले, एवढंच.

मला हे कळलं पाहिजे. बाकी मला काही नको.

१४ जानेवारी

संक्रांत. अनुसयाबाई तिळगूळ देऊन गेल्या. हळदीकुंकवाला बोलावलं नाही, पण तिळाचे लाडू दरवर्षीपेक्षा मोठे होते. बोलावलं नाही ते त्यांच्या मनाला लागलं होतं असं दिसलं, म्हणून मीच चहा केला.

कपाटाकडे पाहून म्हणाल्या, "का वो कुंताबाई, हे काय? सट्टा लावून रायली का?"

मी सांगितलं, हा यांचा आकडा आहे, मी फोडून पाहते आहे. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळूच विचारलं, "पण लागते का?"

आज सुरुवात केली. सम नाही, दोन गेला. अंकांची बेरीज ३२, म्हणून तीन गेला. शेवटी शून्य किंवा पाच नाही, पाच गेला. सातने भागलं, बाकी एक. फक्त एक उरला. हे असते तर म्हणाले असते, दारातून परत गेला.

१७ जानेवारी

अकराने दोन उरले. तेराने परत एक. माणूस असा एकाने हुकतो तेव्हा जास्त वाईट वाटतं.

रोज एक घ्यायचा असं ठरवलं आहे. सकाळी भांडी झाली की. सगळे एकदम भागून टाकता येतात, मला भागाकाराची भीती नाही. पण टाकून मग काय करू?

२१ जानेवारी

अनुसयाबाईंचे मालक उदारामभाऊ माझ्याशी बोलत नाहीत. बायकोने सांगितलं म्हणून त्यांनी तेहतीस लावला होता. लागला नाही.

२६ जानेवारी

तेवीसनेही एक उरला.

आज गाडी पुसली. यांची मोटरसायकल अंगणात टिनाखाली उभी आहे. नंबर ०६३१. पंचवीस वर्षं झाली. लग्न होऊन केशोरीहून कुडव्याला आले ते या गाडीवर. माहेरचे सगळे रस्त्यापर्यंत पोचवायला आले होते, मी रडत होते. गाव मागे पडल्यावर हे पहिलं वाक्य बोलले, "गाडीचा नंबर पाह्यला का? सहाशे एकतीस. फुटते का सांग."

मी सातवी शिकलेली. नवा नवरा असं काही विचारेल हे कोणी सांगून ठेवलं नव्हतं. मग मी रडायचं सोडून भागायला लागले. सातने पाहिलं, तेराने पाहिलं. जंगल लागलं, संपलं. एका टपरीवर चहा प्यायलो तेव्हाही भागतच होते. कुडव्याला दारात गाडी थांबवून म्हणाले, "नाही फुटत. अखंड हाय. म्हणून तं घेतली."

नंतर एकदा विचारलं, मी रडत होते म्हणून विचारलं होतं का तसं? म्हणाले, "नाही. मले खरंच पाहायचं होतं तुले येते का."

८ फेब्रुवारी

डिंपल आली होती. फुलचूर इथून काही लांब नाही, पण सासर आहे, रोज येता येत नाही. मी भागाकार करत होते. ती शेजारी बसून पाहत राहिली.

"आई, हे मोबाईलमध्ये टाकलं की एका सेकंदात निघते."

"टाकू नको."

"नाही टाकत."

मला वाटलं हट्ट करेल. लगेच नाही म्हणाली, फोन पालथा ठेवला आणि मेथी निवडायला घेतली. लहानपणी कोडं घातलं की उत्तर ऐकल्याशिवाय जेवायची नाही ही. मोठी झाली आता.

थोड्या वेळाने म्हणाली, "ते वाचनालयाचं पुस्तक अजून इथंच हाय? परत करून ये ना."

ते पुस्तक यांनी शेवटचं आणलेलं. एकट्या बाईने केलेल्या प्रवासाचं आहे. मी अर्ध्यावर होते. त्या दिवसानंतर ती बाई डोंगरावर जिथे बसली होती तिथेच बसून आहे.

"वाचून नाही झालं," मी म्हटलं. "आणि तुझ्या जावयांना दे ना, ते नेऊन देतील."

चुकून तुझ्या जावयांना म्हटलं. दोघी हसलो. मग ती म्हणाली, "नाही, तूच जा. स्वतः जा एकदा." तिला वाटतं मी घराबाहेर पडावं.

वाचनालयात मी लग्नाच्या वर्षी एकदाच गेले आहे, नाव घालायला. यांनीच घातलं. बायकोला वाचायचा नाद आहे म्हणून. नंतर दर शनिवारी हेच जायचे, डिंपल लहान होती तेव्हा तिला गाडीच्या टाकीवर बसवून. काय आणतील सांगता यायचं नाही. कधी कादंबरी, कधी मधमाश्या पाळण्याचं. मी सगळं वाचायची.

१९ फेब्रुवारी

दीडशेच्या पुढे गेले. अडीचशेपर्यंत जायचं आहे. हा नियम यांचा. काटा साठ टनाचा, म्हणजे साठ हजार किलोच्या वर वजन येतच नाही. अडीचशेला अडीचशेने गुणलं की साठ हजाराच्या पुढे जातं. म्हणून आकडा फुटायचा असेल तर अडीचशेच्या आतल्या कोणाकडून तरी फुटतोच. तिथपर्यंत कोणी फोडला नाही तर तो अखंड, पुढे जायचं काम नाही. यांनी काट्याच्या खोलीत भिंतीवर तेवढे सगळे अखंड आकडे लिहून ठेवले होते. माझ्याकडे पाठ आहेत.

४ मार्च

आता थोडेच उरले. दोन दिवस काही भागलं नाही. ताप नव्हता, काम नव्हतं. भागलं नाही.

९ मार्च

२४१. हा शेवटचा. सकाळी आंघोळ करून बसले. भागाकार दोनदा केला. बाकी ८८.

म्हणजे अखंड.

१० मार्च

म्हणजे त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मोठा आकडा द्यावासा वाटला, दिला. घरचा म्हणजे घरी गेल्यावर बोलू, असंही असेल.

मला राग यायला नको, पण येतो. कात्री खाली ठेवून विचारलं असतं तर सांगितलं असतं.

१६ मार्च

डिंपल आणि जावई आले. उमेंद्र दर रविवारी येऊन गाडी चालू करून ठेवतात, नाहीतर बसेल म्हणतात. किक मारली की तोच आवाज येतो. मी त्या वेळी आत काम काढते.

डिंपलला सांगितलं, आकडा अखंड निघाला.

"किती वरी पाह्यलंस?"

"अडीचशे."

"अडीचशेवरच काऊन थांबली?"

"तुझ्या बाबांचा नियम आहे."

"नियम कशाचा पण?"

"काट्याचा."

"काट्याचा ना," ती म्हणाली. मग काही बोलायला तोंड उघडलं आणि बोलली नाही. बाहेर गाडी चालूच होती. जाताना मला धरून उभी राहिली, सोडेचना. तिलाही वाटलं असेल की बाबांनी जाताना काही बोलायला पाहिजे होतं.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली नाही. अनुसयाबाईंनी पुरणपोळी दिली.

खडू पुसट होतो आहे. पुसून टाकावा असं वाटलं, ओला फडका हातात घेतला आणि त्याने खिडकी पुसली.

१८ एप्रिल

ऊन खूप. तीन ब्लाऊज, एक परकर. वाचत नाही.

४ मे

आज काट्यावरचे चैतराम आले. यांच्या हाताखाली होते, आता यांच्या जागी आहेत. यांचा डबा घेऊन आले. त्या दिवसापासून काट्याच्या खोलीतच राहिला होता.

"घासून आणला, वहिनी. म्या मनलं देऊन यावं, पण पाय उचलत नव्हता."

चहा दिला. मिलचं विचारलं. म्हणाले, "मिलचं काय, चालून रायलं. जुना काटा काढून टाकला ना. खोली बी पाडली. नवा बसवला, शंभर टनाचा. आता अठरा चाकी गाड्या येऊन रायल्या, साठच्या काट्यावर मागचे चाकं बाहेरच राहत. भाऊ असते तं बरोबर मनले असते, चैतराम, आता अडीचशेत भागत नाही बाप्पा, भिंत वाढव."

मी विचारलं, "काय म्हणाले असते?"

"तेच ते, आकडे. भिंतीवर लिहून ठेवत ना. मले सांगत, वजन वाढलं का आकडे बी वाढवा लागते. मले त्यातलं काही समजत नव्हतं, मी हो मनत होतो."

ते गेल्यावर मी डबा हातात धरून बसले. मग उठून कपाटापाशी गेले.

अडीचशेचा नियम काट्याचा होता. आकड्याचा नव्हता. साठ हजारापर्यंतच तो खरा. हा आकडा चार लाखाच्या वर आहे, कोणत्याच काट्यावर न बसणारा, हे यांनी स्वतःच सांगितलं होतं. काट्यावरचा नाही म्हणाले होते. आणि मी तो काट्याच्या मापाने मोजून, नाही फुटत म्हणून दोन महिने रुसून बसले.

इतक्या दिवसांनी आज एकटीच मोठ्याने हसले. अनुसयाबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, "काय झालं वो?" मी म्हटलं, "काही नाही, काटा बदलला."

५ मे

६८५ ला ६८५ ने गुणलं तर चार लाख एकोणसत्तर हजाराच्या पुढे जातं. म्हणून ६८४ पर्यंत जायचं. पुढचे अखंड पाठ नाहीत, यांनी भिंतीवर लिहिलेच नव्हते. डिंपलच्या जुन्या चौकटीच्या कागदावर ओळीने आकडे मांडले आणि चाळणी लावली. तीनच्या पाढ्यातले खोडले, सातच्या पाढ्यातले खोडले, अशी चाळत गेले. खाली राहिले ते अखंड.

त्यात ६३१ आहे.

मला माहीतच होतं तो असणार. पंचवीस वर्षांपूर्वी त्यानेच मला रडू दिलं नव्हतं. पण कागदावर, बाकीचे खोडलेले आणि तो तसाच उभा, असा दिसला तेव्हा पेन्सिल खाली ठेवली.

आधी तोच घ्यावा असं वाटतं. एका मिनिटाचं काम आहे. पण नाही निघाला तर? मग उरलेले सगळे दिवस कशासाठी भागायचं? रांगेनेच जाणार.

आज २५१. बाकी २१६.

१८ मे

डिंपलला फोनवर सांगितलं, माझी चूक झाली होती, अजून पुढे आकडे आहेत. तिचा आवाज एकदम बदलला. "हो का," म्हणाली, "मग कर ना, आई. कर. पूर्ण कर." मागून जावई विचारत होते, काय झालं, रडून का रायली? ती म्हणाली, कांदा. उन्हाळ्यात तिच्याकडे कांदे फार येतात.

११ जून

चारशेच्या जवळ. सकाळची वेळ आता बरी जाते. एक आकडा, एक भागाकार, काहीतरी उरतं. रोज काहीतरी उरतं हे बरं आहे.

प्रवासाचं पुस्तक हातात घेतलं. ती बाई डोंगर उतरली.

२७ जून

५०३, बाकी ३७.

बायका धानाच्या रोवणीला जायला लागल्या. केशोरीहून भाऊ विचारतो, येतेस का चार दिवस, हात लावायला माणसं नाहीत. हात लावायला की माझं मन रमवायला ते मला कळतं. म्हटलं नंतर येते, इथे काम आहे. काय काम, त्याने विचारलं नाही.

खडू परत गिरवला. पुसट झालेल्या अंकांवरूनच, माझ्या तेव्हाच्या हातावरून. तेव्हा मी घाईत होते. शेवटचे दोन्ही तीन एकमेकांवर चढले आहेत.

१२ जुलै

आज ६१९. बाकी बरोबर अडीचशे. दोनदा करून पाहिलं. अडीचशेच. यांच्याशी भांडण झालं की हेही असंच करायचे, दिवस उलटल्यावर मधेच काहीतरी आठवण करून द्यायचे.

चाळणीच्या कागदावर ६१९ नंतर एकदम ६३१ आहे. मधले सगळे खोडलेले.

१३ जुलै

रविवार. जावई आले, गाडी चालू केली. मी आज आत गेले नाही. उंबरठ्यावर बसून ऐकलं.

भागलं नाही.

१५ जुलै

काल पण नाही.

१६ जुलै

४६८८३३ भागिले ६३१.

सात. खाली २७१ राहिले. वरचा तीन उतरवला. चार. खाली १८९. शेवटचा तीन उतरवला, १८९३.

सहाशे एकतीस त्रिक अठराशे त्र्याण्णव.

खाली काही उरलं नाही.

१७ जुलै

काल त्यापुढे लिहिता आलं नाही.

७४३ ला ६३१ ने गुणलं की तो आकडा होतो. गुणून पाहिलं, उभं, आडवं. होतो.

एक यांच्या गाडीचा. म्हणजे बनवला होता. म्हणजे बोलले होते. पण दुसरा कोण? ७४३ पण अखंडच आहे. यांच्या ओळखीचे सगळे नंबर आठवले. मिलचा, फोनचा, विजेच्या मीटरचा, जमिनीचा गट नंबर. कशातच नाही. लग्नाची तारीख नाही, डिंपलच्या जन्माची नाही.

अर्धं वाक्य ऐकू आलं आणि मग ट्रक गेला, तसं झालं आहे.

२० जुलै

डिंपल आली. मी म्हटलं, "फुटला. एक गाडीचा आहे, सहाशे एकतीस."

ती म्हणाली, "आणि दुसरा सातशे त्रेचाळीस."

एवढा भागाकार तोंडी, बसायच्या आधी. बापाचं डोकं आहे, मी नेहमी म्हणते. मी म्हटलं, "हो, पण तो कोणाचा ते कळत नाही."

ती माझ्या वेणीतला गुंता काढत बसली. बोलली तेव्हा वेगळंच बोलली. "पुस्तक वाचून झालं?"

"झालं."

"मग उद्या परत करून ये. उमेंद्र सोडतील तुले. कार्ड नाही सापडलं तरी जा, तिथं विचारतील ते सांग."

इथे मी माणसाचा शेवटचा शब्द शोधते आहे आणि हिला वाचनालयाची पडली आहे. पण जाईन. पुस्तक खरंच फार दिवस राहिलं.

२१ जुलै

सगळं नीट लिहायचं आहे.

जावयांनी यांचीच गाडी काढली. पाऊस नव्हता. मी मागे बसले, हात कुठे ठेवायचा ते कळेना, पुस्तक दोन्ही हातांनी धरलं. मला दारात सोडून ते दुकानात गेले.

वाचनालय आता रंगवलं आहे. टेबलाशी एक चष्मेवाली बाई होती, पुष्पाबाई म्हणतात. पुस्तक ठेवलं. त्यांनी मागची तारीख पाहिली, मग चष्म्यावरून मला पाहिलं.

"बहुत दिन हो गए, बाई. नंबर सांगा."

"मला माहीत नाही. मी येत नव्हते. हे आणायचे पुस्तकं."

"नाव?"

"लक्ष्मीचंद रहांगडाले."

त्यांनी पेन ठेवला. "काटेवाले भाऊ?"

मी मान हलवली.

"मले समजलं होतं, मिलमधल्या पोराने सांगितलं." पेन परत उचलून म्हणाल्या, "मग तुम्ही सातशे त्रेचाळीस."

मी टेबल धरलं. म्हटलं, "किती?"

"सातशे त्रेचाळीस. तुमचा सदस्य नंबर. बाप्पा, वीस वर्षांपासून ऐकून रायली मी. दारातूनच ओरडत, पुष्पाबाई, सातशे त्रेचाळीसले झोप नाही, एखादं जाड द्या. सातशे त्रेचाळीसनं ते मधमाशीवालं दोन दिवसांत खाल्लं. तुमचं नावच मले माहीत नाही. मी तं समजत होती, सातशे त्रेचाळीस म्हणजे कोणी मास्तरीण असेल. पोरगी यायची सोबत, ती बी टेबलावर चढून ओरडे, सातशे त्रेचाळीस."

मी परत विचारलं, किती. त्यांनी परत सांगितलं. त्यांना वाटलं मला ऐकायला कमी येतं.

खुर्ची दिली, पाणी दिलं. बसल्यावर विचारलं, "यांनी मला कधी सांगितलं नाही तो नंबर."

"तुमच्याच नावाचा हाय, सांगायचं काय त्यात. त्यांना वाटलं असेल तुम्हाले माहीत हाय."

बरोबर आहे. त्यांना वाटलं असेल मला माहीत आहे. संध्याकाळी सांगशील, म्हणजे लगेच सांगशील. सोपा दिला होता.

नवं पुस्तक घेतलं. हातात आलं ते. पुष्पाबाईंनी लिहिताना विचारलं, सवयीने, "नंबर?"

मी सांगितला. पहिल्यांदा मी सांगितला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सहा वाजता अंगणात बादली भरून ठेवली, ते हातपाय धुवायचे तिथे. उंबरठ्यावर उभी राहिले आणि उत्तर सांगितलं. सहाशे एकतीस गुणिले सातशे त्रेचाळीस. जास्त मोठ्याने नाही. अनुसयाबाईंना ऐकू गेलं असेल, उद्या उदारामभाऊ त्रेचाळीस लावतील.

कोणी बरोबर म्हणालं नाही. मग ते पाणी जास्वंदीला घातलं.

डिंपलच्या पुस्तकात लिहिलं आहे की कोणताही आकडा शेवटपर्यंत फोडला तर एकाच प्रकारे फुटतो. हा आकडा त्या दोघांचा आहे आणि दुसऱ्या कोणत्याही दोघांचा होऊ शकत नाही. सिद्धता दिली आहे म्हणे पुढच्या इयत्तेत. माझा विश्वास आहे.

तरी ६८४ पर्यंत चाळणीवरचे थोडे उरले आहेत. आता त्या आकड्यांनी भागायची काही गरज नाही, हे मला समजतं.

उद्या सकाळी भांडी झाली की ६४१.